उलटं कोण चालणार

जड सामान दोघांनी उचललं की एक जण सुलटा चालतो आणि एक उलटा. तिसरा मार्ग नाही. सुलट्याला वाट दिसते. उलट्याला दिसतं ते फक्त सामान आणि सामानावरून डोकावणारं सुलट्याचं कपाळ. म्हणून बोलायचं काम सुलट्याचं. पायरी, उंबरा, वळण, ओलं, थांब, टेक. एवढ्या शब्दांत घरंच्या घरं हलतात. उलट्याने बोलायचं नाही, आणि मागे वळून बघायचं तर मुळीच नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की कपाट कलतं, आणि कललेलं कपाट कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

भिंगरीचे बाबा जन्मभर उलटे चालले. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे भिंगरीचा काका, सुलटा. लोकांची बिऱ्हाडं हलवणं हा दोघा भावांचा धंदा. थोरल्याने अवघड बाजू धरायची, असं बाबांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. चर्चा हा बाबांचा प्रांतच नव्हे. आत्या म्हणायची, "दादाकडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून बादली ओढायची. वर येते तीही अर्धीच." काका फार बोलका होता असं नाही, पण त्याला नेमकं बोलता यायचं. उंबरा यायच्या एक पाऊल आधी त्याच्या तोंडून 'उंबरा' निघायचा. त्या आवाजाच्या भरवशावर बाबा डोळे मिटूनसुद्धा जिना उतरले असते.

भिंगरी कॉलेजात असताना काकाचा खांदा निखळला. काम तर घेतलेलं. गिऱ्हाईक सामान बांधून दारात बसलेलं. भिंगरी म्हणाली, "मी धरते."

आत्याने कपाळाला हात लावला. "पोरगी कपाट उचलणार? लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का उचलायला?" बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापुरता त्यांचा शब्दांचा साठा तिथेच संपला.

भिंगरीच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. कमरेऐवजी मांड्यांवर जोर घ्यायला ती शिकली. पण खरी परीक्षा हातांची नव्हतीच. एक मोठा माणूस, अख्ख्या घराचा आधार, पाठीमागे काय आहे ते न बघता आपल्या शब्दावर पाय मागे टाकतो, ही गोष्ट अंगात मुरायला वेळ लागला. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची म्हणून तर आत्याने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. जेवतानासुद्धा दोनदा उठायची. पण खांद्यावर सामान पेलायचा पट्टा चढला की तीच मुलगी दगडासारखी स्थिर व्हायची. नजर बाबांच्या टाचांमागच्या जमिनीवर. दुसरीकडे कुठेही नाही.

कॉलेज संपेपर्यंत तिने हे केलं. मग काकाचा खांदा बरा झाला, तिला परदेशात रस्ते आणि पुलांच्या अभ्यासाला जागा मिळाली, आणि ती गेली. अभ्यास दोन वर्षांचा. त्यातलं पहिलं वर्ष संपत आलं आणि काकाचा खांदा पुन्हा गेला. या वेळी कायमचा.

ते तिला कळलं सहलीच्या सकाळी. दात घासत असतानाच आत्याचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

"डॉक्टरने आज स्पष्टच सांगितलं गं. म्हणाला, आता पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. काका तोंड फिरवून पडलाय. आणि तुझे बाबा घरात बसून आहेत. बसून म्हणजे काय, उठसूट पट्टे पुसतात."

"मग आता?"

"आता काय! बडबड्या येतो म्हणालाय जोडीला. उद्या उजाडल्यावर."

बडबड्या म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारा पोती उचलणारा. ताकदीला बैल, मनाने सरळ. पण पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचं असतं. जोडीचं काम त्याने कधी केलं नव्हतं. आणि त्याचं ते तोंड! डोळे उघडले की सुरू. जावई, गुडघे, नळाचं पाणी, क्रिकेट, पुन्हा जावई.

"आत्या, तो सुलटा चालणार? आणि बाबा त्याच्या बोलण्यावर उलटे? अगं, पायरी आली हे तो जावयाच्या गोष्टीत कुठे कोंबणार?"

"तेच तर! दादा तुला विचारायचा नाही. जीव गेला तरी विचारायचा नाही. पण तू परत येणार असशील तर तो थांबेल, हे मी ओळखून आहे. येणार नसशील तर तसं सांग. तुझ्याकडे संध्याकाळ झाली की आमच्याकडे उजाडतं. तोवर काय ते कळव त्याला." मग आवाज खाली आणून, "आणि हे बघ, मी सांगितलं असं म्हणू नकोस."

फोन ठेवला तेव्हा भिंगरीच्या तोंडातला फेस हनुवटीवर आला होता. अभ्यास मध्येच सोडला तर जागा दुसऱ्याला जाते, हे इथल्या कार्यालयात पहिल्याच दिवशी बजावलेलं. म्हणजे गेली तर पूल गेले. नाही गेली तर बाबांच्या पाठीमागची जमीन बडबड्याच्या जिभेवर.

सहल वसतिगृहाची होती. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा शहरातल्या ऐतिहासिक जागा दाखवायच्या आणि संध्याकाळी नाटकाला न्यायचं, असा शिरस्ता. नाव आधीच दिलेलं होतं, त्यामुळे ती गेली. बरोबर तिच्या खोलीतली मैत्रीण. ती आपल्याच भाषेची, शिकायला वैद्यकीला, म्हणून भिंगरी तिला डॉक्टरीण म्हणायची. जड वस्तू आपोआप जागेवर येऊन बसतात अशा घरात डॉक्टरीण वाढली होती, पण मुलगी चांगली.

आधी तटबंदी दाखवली. मार्गदर्शक बाई उतारवयाच्या होत्या, पायात भक्कम बूट, हातात काठीला बांधलेलं पिवळं फडकं. काठी उंच धरून त्या झपझप चालत आणि थांबल्या की घसा न खाकरता थेट सांगायला लागत. भिंत कुणी बांधली, कुणी पाडली, पुन्हा कुणी बांधली. भिंगरी पुढच्या बुरुजापर्यंत जाऊन आली. मग कठड्यावर बसली. मग उठली. मग फोन काढून बघितला आणि खिशात ठेवला.

"एका जागी उभी राहा ना गं," डॉक्टरीण म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

"ऐकतेय मी."

"हो? काय सांगितलं त्यांनी आत्ता?"

"भिंत जुनी आहे."

"वा! पुढच्या वर्षी तूच फडकं घे हातात."

तिथून जुन्या प्रार्थनागृहात नेलं. आत गार, दगडी, उंच. मनोऱ्यात वरपर्यंत गोल जिना, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. भिंगरी पुढे होती, मागे सगळा घोळका. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. चढता चढता तिच्या तोंडून आपोआप निघायला लागलं. "पायरी उंच आहे. डोकं सांभाळा. वळण. इथे ओलं आहे." मागे खालपर्यंत हसण्याची लाट उतरत गेली.

"अगं बाई, जिनाच आहे तो," खालून डॉक्टरीण धापा टाकत म्हणाली. "जिन्यात पायऱ्या असायच्याच!"

वर घंटेपाशी वारा होता. सगळे फोटो काढत होते. भिंगरीने फोनवर लिहिलं, 'बाबा, मी'. पुसलं. लिहिलं, 'बाबा, तुम्ही'. तेही पुसलं. डॉक्टरणीने ते पाहिलं आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा भिंगरीने सगळं सांगून टाकलं.

"यात विचार कसला करायचा?" डॉक्टरीण म्हणाली. "गेलीस तर वर्ष पाण्यात. आणि तू काय जन्मभर कपाटं उचलणार आहेस?"

"जन्मभर नाही."

"मग किती दिवस?"

भिंगरी घंटेच्या दोराकडे बघत राहिली.

"वडिलांनाच सांग ना, आता पुरे करा म्हणावं. या वयात पाठीचं काही झालं तर?"

"तुझ्या वडिलांना सांग, आता जेवण पुरे करा म्हणावं."

"चिडतेस काय? मी तुझ्या भल्याचं सांगतेय."

"माहीत आहे. म्हणून तर चिडतेय."

दुपारनंतर एका जुन्या व्यापाऱ्याचं घर दाखवलं. आता त्याचं संग्रहालय झालं होतं. अरुंद लाकडी जिना, दोन ठिकाणी काटकोनात वळलेला, आणि वरच्या मजल्यावर जेवणाचं एक अवाढव्य टेबल. अखंड लाकडाचं, कुठे सांधा नाही. मार्गदर्शक बाई व्यापाऱ्याच्या तीन बायकांविषयी सांगत होत्या आणि सगळे कान टवकारून ऐकत होते. भिंगरी मात्र जिन्याकडे गेली, वळण हाताने मोजलं, परत आली, टेबलाखाली वाकली. पुन्हा जिन्याकडे. त्या जिन्याने हे टेबल वर येणं शक्य नव्हतं. उभं केलं तरी नाही, आडवं केलं तरी नाही. शेवटी तिच्याने राहवेना.

"बाई, हे वरच बनवलं ना? इथेच, या खोलीत?"

बाई तिसऱ्या बायकोवर थांबल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "चला, दाखवते." आणि तिला खिडकीपाशी नेऊन त्यांनी वर बोट केलं. बाहेर छपराच्या टोकाला जाड लोखंडी आकडा होता. "तिथे कप्पी लावायचे. खिडकीची चौकट सुटी होते, हे बघा, इथे खुंट्या आहेत. टेबल रस्त्यावरून दोराने वर ओढलं. खाली ओढणारे, वर घेणारे. या गल्लीतल्या सगळ्या जड वस्तू खिडकीतूनच वर गेल्यात. जिना फक्त माणसांसाठी."

भिंगरीने खुंट्यांवरून बोट फिरवलं. एवढी वर्षं सामान वाहिलं आणि चौकट काढता येते हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला जिनाच दिसत राहिला होता. बाई तोवर तिसऱ्या बायकोकडे परतल्याही होत्या.

नाटकघरही जुनंच होतं. त्यांच्या जागा वर सज्जात, अगदी कडेला, त्यामुळे रंगमंचाची एक बाजू कापली जात होती, पण बाकीचं सगळं वरून स्पष्ट दिसायचं. लाल कापडाच्या खुर्च्या, बसलं की करकरणाऱ्या. भिंगरीची जास्तच करकरत होती. पुढच्या रांगेतला गृहस्थ दोनदा मागे वळला.

नाटकाला पडदा नव्हता. एका घरातली गोष्ट होती. एक म्हातारा, त्याची सून, आणि त्यांच्यात बरंच न बोललेलं. भाषा तिला बऱ्यापैकी कळायची, पण लक्ष लागत नव्हतं. तिकडे आता पहाट होत असेल. बाबा उठले असतील. चहाचं आधण ठेवलं असेल. बडबड्याचंही तोंड उघडलं असेल.

पहिला अंक संपत आला. म्हातारा आरामखुर्चीत झोपी गेला, उजेड मंद झाला, आणि काळ्या कपड्यातली दोन माणसं भलंमोठं लाकडी कपाट घेऊन आली. ते खोटं नव्हतं. लाकूड खरं होतं, वजन खरं होतं, हे त्यांच्या गुडघ्यांवरून तिला वरूनच कळलं. एक सुलटा, एक उलटा. मागच्या अंगाला एक चौथरा होता, त्याला पायरी. उलटा माणूस पायरीकडे सरकत होता. सुलटा काही बोलत नव्हता. आणखी एक पाऊल. सुलट्याचं तोंड बंदच. टाच आणि पायरी यांत वीतभर अंतर उरलं, आणि तरी तो गप्प.

"पायरी!" भिंगरी ओरडली. "मागे पायरी आहे!"

आपल्या भाषेत ओरडली, उभी राहून, जिन्याखालच्या माणसाला ऐकू जाईल अशा धंद्याच्या आवाजात. अख्खं नाटकघर दचकलं. उलटा माणूस जागच्या जागी थांबला आणि त्याने तेच केलं जे कधीच करू नये. मान वळवून मागे बघितलं. कपाट कललं, त्याचं दार करकरत उघडलं, कुणीतरी खुसखुसलं, मग बरेच जण हसले. दोघांनी कपाट कसंबसं सावरलं, चौथऱ्यावर चढवलं आणि जिथे टेकलं तिथेच सोडून ते अंधारात गेले.

दिवे लागले. मध्यंतर. टॉर्च घेतलेली द्वारपाल बाई सरळ त्यांच्या रांगेशी आली. "पुन्हा असं झालं तर बाहेर जावं लागेल."

"नाही होणार," डॉक्टरीणच म्हणाली. बाई गेल्यावर तिने भिंगरीचा दंड धरला. "काय झालं तुला? मला वाटलं आग लागली!"

"तो पडला असता."

"नाटक आहे ते!"

"कपाट खरं होतं," भिंगरी म्हणाली, आणि जिना उतरून खाली गेली.

बाजूच्या दाराबाहेर अरुंद बोळ होता. तो उलटा चालणारा तिथे भिंतीला टेकून पाणी पीत उभा होता. चाळिशी ओलांडलेला, मानेचे स्नायू दोरासारखे.

"माफ करा," भिंगरी म्हणाली. "मघाशी मीच ओरडले."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय ओरडलात?"

"पायरी आहे म्हणून."

"पायरी कुठे आहे ते मला माहीत आहे. ती मीच ठोकलीय." त्याने बाटलीचं झाकण लावलं. "आता कपाट हातभर अलीकडे राहिलंय. दुसऱ्या अंकात बाई त्यातून बाहेर येणार आणि दिव्याचा उजेड पडणार पलीकडे. बाई अंधारात बोलेल. शिव्या मला."

"आत्ता सरकवता नाही येणार?"

"म्हातारा मध्यंतरभर तिथेच झोपलेला असतो. नाटकातच आहे तसं. त्याच्या उशाशी कपाट ढकलू?"

भिंगरीला मान खाली घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण प्रश्न पोटात राहीना. "तुमचा जोडीदार बोलला का नाही?"

"नाटक चालू असताना?"

"मग तुम्हाला कळतं कसं?"

त्याने हात पुढे केले, बोटं आत वळवून, जणू कपाटाची कड धरलीय. "पायरीच्या आधी तो त्याची बाजू केसभर उचलतो. वजन माझ्या बोटांवर येतं. आलं की मी पाय उचलतो. बोलायचं काय त्यात?"

हे भिंगरीने कधी ऐकलं नव्हतं. "लगेच जमलं?"

"कुठलं! न्हाव्याच्या दुकानातून आलेला तो. कात्री सोडून काही उचललेलं नाही." तो पहिल्यांदा जरासा हसला. "सुरुवातीला त्याला सुलटा चालवणं म्हणजे मरण होतं. म्हणून मी सुलटा झालो आणि त्याला उलटा घातला. ज्याला काम येतं त्याने बघायचं, नव्याने ऐकायचं. नाटकाच्या आधी येऊन रिकामं कपाट इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याच्या अंगात भिनल्यावर मग बाजू बदलल्या. तुम्ही विचारताय कशाला? तुम्हीही याच कामात?"

"होते," भिंगरी म्हणाली. मग म्हणाली, "घरचंच काम आहे."

"मग तर कळायलाच हवं होतं," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

भिंगरी बोळाच्या तोंडापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग नाटकघराच्या वरच्या दालनात, सज्जाच्या दाराशी येऊन तिने फोन लावला.

"हं," बाबा म्हणाले.

"बाबा, मी."

"आत्याने सांगितलं ना?"

"आत्याने काही नाही सांगितलं."

"बरं." थोडा वेळ नुसता चहा उकळल्याचा आवाज. "खोकला गेला तुझा?"

"कधीच गेला. काका?"

"आहे." पुन्हा तोच उकळण्याचा आवाज. मग बाबांनी एकदम बादली वर ओढली. "येणार असशील तर थांबतो. नसशील तर तो येतोच आहे. मधलं काही सांगू नकोस."

दिवसभर भिंगरीने मधलंच शोधलं होतं. सुट्टीपुरतं येते, परीक्षेनंतर बघते, थोडे दिवस थांबा. सगळं तोंडाशी आलं. तिने ते गिळलं.

"नाही येत, बाबा. अभ्यास पुरा करते."

पलीकडे शेगडी बंद केल्याचा आवाज.

"बरं."

बाबांच्या 'बरं'चे सगळे प्रकार तिला ठाऊक होते. हा त्यातला कोणता, ते तिला उमगलं नाही.

"पण बाबा, त्याच्याबरोबर उलटं चालू नका."

"मग काय, उडू?"

"तुम्ही सुलटे व्हा. त्याला उलटा घाला. तुम्ही बोला."

"मी?" बाबा म्हणाले.

"हो."

"मी काय बोलणार?"

"पायरी आली की पायरी म्हणायचं, उंबरा आला की उंबरा. भाषण थोडंच करायचंय?"

"थोरल्याने अवघड बाजू धरायची असते."

"तुम्हाला हीच अवघड आहे."

बाबा काही बोलणार होते किंवा नव्हते, ते कळायच्या आत तिकडे दार वाजलं. त्यांनी फोन फडताळावर ठेवला असावा. बंद केला नाही. बंद करायचं त्यांच्या कधीच लक्षात राहत नसे.

"दादा, उठलात का? माझी कसली झोप! जावई आलाय, घोरतो असा की बाजूच्या घरातून भिंत ठोकतात. आणि नळाला तर आज—"

"चपला काढ."

"हां, काढतो. कुणाचं काम आहे आज?"

"कुणाचं नाही. हे कपाट. बाहेर ओसरीवर, तिथून परत आत."

"घरचंच? कशाला?"

"तिकडून धर."

"इकडून?"

"तिकडून. दाराकडे पाठ कर."

"म्हणजे मी उलटा? अहो दादा, उलटे तर तुम्ही जाता! मी पडेन ना!"

नाटकघरात घंटा झाली. लोक आत शिरायला लागले. दारातून डॉक्टरणीने हात हलवला, मग दोन्ही हात हलवले. भिंगरीने तिला जा म्हणून खूण केली.

"पडणार नाहीस," बाबांचा आवाज आला. "मी सांगतो."

"दादा सांगणार?" आतून आत्या. "काय ऐकतेय मी!"

"उचल."

लाकूड कण्हलं. पावलं घासत निघाली. भिंगरी कान देऊन ऐकत होती. बडबड्याचा आवाज कुठेच नव्हता. भीतीने त्याचं तोंड शिवलं होतं. ऐकू येत होते ते फक्त बाबा, न वापरलेल्या कुलपासारख्या आवाजात.

"ये. ये. सरळ. अजून. डावं… नाही, तुझं डावं. ये."

दुसऱ्या घंटेला द्वारपाल बाईने एक दार लोटलं आणि दुसऱ्यावर हात ठेवून भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने मान हलवली. दार बंद झालं. आतला आवाज बुडाला आणि दालनात ती एकटीच राहिली, फोन कानाला दाबून.

"ये. ये. उंबरा."

'उंबरा' आणि धप्प एकदमच झालं.

"आई गं!"

"आधी, बाबा!" भिंगरी फोनमध्ये म्हणाली. "यायच्या आधी म्हणायचं!" फडताळावरच्या फोनमधून तिचं कुणाला ऐकू जाणार?

"पडलास?" बाबांनी विचारलं.

"नाही. टाच आपटली. दादा, तुम्ही उंबरा म्हणालात, पण तो आल्यावर म्हणालात."

दोघांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, एक जाड, एक जास्त जाड.

"टेक," बाबा म्हणाले. "दम घे. मग परत आत. पुन्हा करू."